सतराशे त्र्याण्णवचा घड्याळजी

लायमन क्रॅडॉक म्हटलं तर आमच्या जुन्या फिलाडेल्फियात फारसं कुणाला कळायचं नाही. सोंगातला जोसाया पेल म्हणा, पाववालासुद्धा बोटाने दाखवील. गुडघ्यापर्यंतची विजार, लोकरी मोजे, डोक्यावर तिकोनी टोपी आणि मागे पर्यटकांचा घोळका. सन सतराशे त्र्याण्णव, धंदा घड्याळजीचा, देश नुकताच जन्माला आलेला. सकाळ-दुपार हा माणूस लोकांना स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचं सभागृह, तडा गेलेली घंटा, विटांच्या गल्ल्या दाखवत फिरायचा.

सहलीच्या कंपनीचा नियम एकच होता. कपडे चढवले की त्या सालातून बाहेर यायचं नाही. लायमनने तो नियम असा काही अंगात मुरवला होता की विचारता सोय नाही. डोक्यावरून विमान गेलं तर वर बघून म्हणायचा, "यंदा बदकं भलतीच माजलीत." एकदा दगडी गल्लीत पाय मुरगळून आडवा झाला, रुग्णवाहिका आली, तर स्ट्रेचरवर पडल्या पडल्या विचारतोय की हिचे घोडे कुठे बांधलेत! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

घरी मात्र हाच माणूस मुखदुर्बळ. बायको आयरीन कॅन्सरने गेली ती जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ऐन स्वातंत्र्यदिनाच्या गर्दीत. शेवटचे दिवस तिच्या उशाशी एकटी मुलगी होती, नोरीन, कॉलेजात जाणारी पोर. बाप सहली नेत होता. काम होतं, एवढंच त्याने तेव्हा सांगितलं आणि पुढेही तेवढंच. नोरीनने काही वर्षं वाट पाहिली आणि मग बोलणंच टाकलं.

खरी गोष्ट एकट्या डॉटला ठाऊक होती. डॉट म्हणजे सहलीची तिकिटं देणारी, झालरीची टोपी घालून बसणारी आमची म्हातारी, तोंडाची फाटकी. लायमन रोज काम संपवून त्याच कपड्यांत इस्पितळाच्या दारापर्यंत जायचा. आत पाऊल टाकायची हिंमत व्हायची नाही. तसाच परत फिरायचा.

आयरीन गेल्यावर त्याने जोसायाच्या आयुष्यात एक प्रसंग घातला. सतराशे त्र्याण्णव साली गावात पिवळ्या तापाची साथ आली होती, माणसं किड्यामुंग्यांसारखी मेली. त्यात जोसायाची मुलगी पेशन्स आजारी पडते आणि बाप भिऊन, तिला घरात टाकून, नदीपार पळतो. परत येतो तेव्हा सगळं आटोपलेलं असतं. जुन्या चर्चच्या कुंपणाशी उभं राहून तो हे सांगायचा आणि धट्टीकट्टी माणसं डोळे पुसायची.

"मेलेल्या खोट्या पोरीपुढे गळा काढतोस," डॉट एकदा म्हणाली, "आणि जिवंत आहे तिला फोन करायला तुझी बोटं झिजतात होय रे?"

लायमन बुटाचं बक्कल लावत बसला.

शेवटी फोन आला तो नोरीनचाच. नवऱ्याला ऑरेगनमध्ये नोकरी लागली होती, रविवारी ती मंडळी देशाच्या पार दुसऱ्या टोकाला निघणार होती. शनिवारी येते, म्हणाली. "आईच्या वेळी तू का आला नाहीस, एवढंच तुझ्या तोंडून ऐकायचंय. खरं सांगितलंस तर नवा पत्ता देऊन जाईन. नाहीतर राहू दे."

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? पोरीला कॉफीच्या दुकानात बसवील आणि बोलून मोकळा होईल. पण हा पठ्ठ्या तिला म्हणाला, आधी माझ्या सहलीला ये. डॉटने हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला. तिने परोपरीने समजावलं, सोंग बाजूला ठेव, साधा शर्ट घाल. लायमन खाली बघत म्हणाला, "लायमनला बोलता येत नाही, डॉट. जोसायाला येतं."

शनिवारी नोरीन आली. घोळक्यात मागे उभी राहिली. बाप तिला बघून असा फुलला की सभागृहापुढे त्याने इंग्लंडच्या राजाच्या नावाने जी काही लाखोली वाहिली, लोक हसून बेजार झाले. तीही एकदा हसली. ते बघून, तिकिटांची पेटी बंद करून मागोमाग आलेल्या डॉटलाही वाटलं, जमतंय की काय म्हाताऱ्याला.

मग चर्चचं कुंपण आलं. त्या दिवशी त्याने जीव ओतला. रोजचं पाठ केलेलं सोडून दिलं आणि चक्क गुडघे टेकले. "मी नदीपार गेलो नव्हतो, पेशन्स," तो म्हणाला. "मी रोज दारापर्यंत येत होतो. तुला मरताना मला बघवलं नसतं. मी भ्यालो, पोरी. तुला एकटीला टाकलं. मला माफ कर." माणसं हुंदके देत होती. कुंपणापाशी एक बाई नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती.

नोरीन पुढे आली. तिचे डोळे भरलेले होते.

"हे तुमच्या मुलीला सांगितलंत कधी?" तिने विचारलं.

"बाईसाहेब, ऐकायला ती उरली नाही."

"मी उरलेय ना, डॅड. हेच मला सांग. तुझं तू होऊन सांग, बस्स."

लायमन उठून उभा राहिला. तिच्या पाठीमागे माणसं माना उंचावून बघत होती, दोघांतिघांनी फोन वर धरले होते. डॉट मागून पुटपुटत होती, बोल रे मेल्या, बोल. अहो, एक वाक्य! ते आत्ताच सगळ्या जगापुढे बोलून झालं होतं. पण दैव देतं आणि कर्म नेतं. भीतीने त्याची दातखीळ बसली, आणि ती सुटली तेव्हा आतून बोलला तो जोसाया.

"क्षमा असावी, बाईसाहेब," त्याने कमरेत वाकून म्हटलं. "आपणांस पूर्वी कोठे पाहिल्याचं स्मरत नाही."

लोक खो खो हसले. टाळ्या पडल्या.

नोरीन टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली. बाप अजून काही बोलेल म्हणून तिने वाट पाहिली असावी. मग ती वळली आणि रस्ता ओलांडून गेली. डॉट तिच्यामागे धावली, पण त्या गुडघ्यांनी किती धावणार.

लायमन धावला नाही. त्याने घोळका धक्क्यापर्यंत नेला, जहाजं, चहाचा कर, जुनी टांकसाळ, सगळं रीतसर सांगितलं, एक शब्द चुकला नाही. सहल संपली तेव्हा ओहायोची एक बाई त्याच्यापाशी थांबली. तिने मनापासून कौतुक केलं. मुलीचं काम करणाऱ्या त्या बाईने तर कमालच केली, म्हणाली, अगदी खरं वाटलं. पुढच्या महिन्यात बहिणीला घेऊन यायचंय, तेव्हा ती असेल ना?

"नाही," लायमन म्हणाला. हा त्याचा स्वतःचा आवाज होता, घोगरा, साधा. "ती आता येणार नाही."