धोबीकाका आणि घोडीचा पाय

आमच्या काकांना तबेल्यात सगळे ‘धोबी’ म्हणत, तेही तोंडावर. काकांना त्याचं काही वाटत नसे. चहाचा धुतलेला कपसुद्धा पुन्हा विसळून घेणारा माणूस तो! घोडी चिखलातून आली की तिचे पाय तसेच ठेवणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं. रोज नळी लावून चारही पाय लख्ख करायचे आणि गारठा बाधू नये म्हणून ओल्या पायांवरच पट्ट्या गुंडाळायचे. माया भरपूर होती, पण अक्कल तेवढी नव्हती.

ही घोडी शिकाऊ मुलांना पाठीवर घेणारी, स्वभावाने गरीब गाय. पावसाचे दिवस लांबले आणि ती मागच्या डाव्या पायाने लंगडू लागली. खुराच्या वर, केसांखाली, हाताला खड्यांसारख्या खपल्या लागत होत्या. घाण राहिली असणार, असं काकांनी ठरवून टाकलं. धुणं दुप्पट झालं. खपल्या नखाने ओरबाडून पाहिल्या, तेव्हा या गरीब गाईने भिंतीवर लाथ झाडली. दुसऱ्या दिवशी पाय घोट्याच्या वरपर्यंत सुजला, तापला. तिने दाण्याला तोंड लावलं नाही.

“ही गेली तर मी काय करू गं?” काका मला म्हणाले. माझ्याही तोंडचं पाणी पळालं होतं. मी फोन करायला धावले.

जनावरांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी आधी पट्टी चाचपली.

“ओल्यावरच बांधता?”

“हो, रोज,” काका ऐटीत म्हणाले.

“आपल्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात ना, तसलंच हे. सतत ओल राहिली की कातडी फुटते, जंतू आत शिरतात. चिखलाने सुरुवात केली, पुढचं तुमच्या पाण्याने केलं.”

त्यांनी केस कातरले, जंतुनाशक घातलेल्या कोमट पाण्याने खपल्या भिजवल्या, आपणहून सुटल्या तेवढ्याच काढल्या. मग पाय स्वच्छ पाण्याने धुऊन टॉवेलने टिपून अगदी कोरडा केला. सुजेसाठी इंजेक्शन दिलं. “आता नळी बंद. खाली कोरडं अंथरा. चिखल लागला तर वाळू द्या, मग ब्रशने झाडा. सूज वर चढली तर लगेच फोन करा.”

आमचा जीव टांगणीला लागला. काका घटकेघटकेला पाय चाचपत होते.

“माझ्या तापात कपाळाला असा हात लावला होता का कधी?” काकू म्हणाली. पण कोरडे टॉवेल तीच आणून देत होती.

पुढचे काही दिवस असेच गेले. मग एका सकाळी पाय हाताला गार लागला, सूजही उतरली होती. घोडी दाणे खात होती. काका तिच्या मानेला डोकं टेकून रडले, आणि मलाही रडू आलं.

मग ते एकदम ताठ झाले. “अगं, मी तर सगळ्यांचेच पाय धूत होतो.”

ते पलीकडच्या म्हाताऱ्या घोड्यापाशी धावले, पट्टी सोडली, केसांत बोटं घातली. बोटांना तसेच खडे लागले.

“कात्री आण,” ते म्हणाले. “आणि डॉक्टरांना फोन लाव.”