डाव्या खांद्याची दुनळी

शिकाऱ्याला लागतं ते सगळं माझ्याकडे होतं. रुंद काठाची टोपी होती, खिशांनी भरलेलं जाकीट होतं, गुडघ्यापर्यंतचे बूट होते, आणि मिशीसुद्धा मी त्याच बेताने वाढवली होती. बंदूक तेवढी नव्हती.

खरं सांगायचं तर शिकारही नव्हती. शिकार कायद्याने केव्हाच बंद झाली आहे. मला मिळाला तो परवाना पीक राखण्याचा. तलासरीच्या बाजूला आमचं भातशेत आहे, बांधाकडेला रताळी आहेत, आणि दाणा भरायला लागला की रानडुकरं पोराबाळांसकट जेवायला उतरतात. मोठा आवाज काढून त्यांना हाकलायचं, एवढाच माझा अधिकार. पण कचेरीत साहेबांनी "बंदूक कशाला हवी?" असं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून खर्जातला आवाज निघाला, "शिकारीसाठी!" बायको शेजारीच होती. ती पटकन म्हणाली, "पिकासाठी, साहेब. हे पूर्वी नाटकात काम करायचे." परवाना मिळाला तो तिच्यामुळे.

मग आम्ही मुंबईला बंदुकीच्या दुकानात गेलो. मी आत शिरताच भिंतीवरच्या दुनळीकडे बोट केलं. दोन नळ्या, कोरीवकाम, अक्रोडाचा चकचकीत दस्ता. दुकानदाराने किंमत सांगितली. बायको म्हणाली, "मी जरा पाणी पिऊन येते," आणि बराच वेळ आलीच नाही.

दुकानदार समजूतदार होता. "साहेब, पहिलीच बंदूक आहे ना? एकनळी घ्या. वजनाला हलकी, खिशाला हलकी, बिघडण्यासारखं आत काही नाही."

एकनळी मी हातात घेतली. गुणी असेल, पण दिसायला विहिरीवरच्या पंपाचा पाइप. ती खांद्याला लावून मी आरशात पाहिलं, तर शिकारी दिसण्याऐवजी प्लंबर दिसला.

"आता डावा डोळा मिटा आणि नेम धरा," दुकानदार म्हणाला.

मी डावा डोळा मिटला. दुकानात अंधार झाला.

"दोन्ही नको, साहेब. डावा."

पुन्हा अंधार. पन्नाशी उलटून गेल्यावर, बारा बोअरची बंदूक खांद्याला लावून, मला कळलं की मला एकटा डावा डोळा मिटताच येत नाही. बायको तेवढ्यात परतली होती. दुकानदाराला म्हणाली, "बघा! लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी मला एकदा डोळा मारला नाही. मी समजत होते, सभ्य आहेत."

आम्ही रिकाम्या हाताने निघालो. चारोटीला चहासाठी थांबलो तेव्हा मी समोरच्या फरसाणाच्या काचेत बघून सराव करत होतो. डावा मिटायला गेलो की दोन्ही फडफडत. उजवा मात्र एकदम हुकमी मिटे. ह्याचा काही उपयोग नाही असं वाटून मी उजवा चारपाच वेळा जोरात मिटला. काचेमागचा मालक उठून जवळ आला आणि हळूच म्हणाला, "साहेब, दमणची बाटली आम्ही ठेवत नाही. खुणा करू नका, गिऱ्हाईक बघतंय."

घरी पोहोचल्यावर बायको म्हणाली, "मसोलीच्या मामांची बंदूक आहे की."

मामा म्हणजे तिचे सख्खे मामा. अर्धा जन्म होडीवर खलाशांचा तांडेल म्हणून काढला, उरलेला चिकूच्या वाडीत. वाडीवर वटवाघळं उतरत, त्यांना उडवायला त्यांनी वाडीत आल्यावर जुनी दुनळी घेतली होती. आता गुडघे गेले, वाडी मुलांकडे गेली, आणि परवान्याचं नूतनीकरण करायला जिल्ह्याच्या कचेरीचे जिने चढायची त्यांची तयारी नव्हती. मुदत संपायच्या आत कुणा परवानेवाल्याने बंदूक घेतली तर ठीक, नाहीतर पोलिसांकडे जमा. जमा म्हणजे मालखान्यातल्या ढिगात गंजणं, हे मामांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्या विचाराने म्हाताऱ्याचं जेवण कमी झालं होतं.

बंदूक खपत नव्हती त्याला कारण होतं. मामा डावखुरे. मूळचा दस्ता बैलगाडीतून पडून फुटला, तेव्हा त्यांनी होडी बांधणाऱ्या सुताराला गाठलं. सुताराने मामांचा डावा गाल, डावा खांदा मापून होडीच्या उरलेल्या लाकडाचा दस्ता घडवला, किंचित बाक देऊन. त्यामुळे येईल ते गिऱ्हाईक बंदूक उजव्या खांद्याला लावी आणि नळीच्या रेषेत चिकूच्या झाडाऐवजी शेजाऱ्यांचा संडास बघे. तिघे येऊन गेले होते. बंदुका विकणाऱ्या दुकानदारानेही "लाकूड वाकडं आहे" म्हणून हात वर केले होते.

मला हे सगळं माहीत होतं. तरी गेलो, कारण ती दुनळी होती आणि एकनळीच्या निम्म्या किमतीत होती.

मामांनी ती कापडातून काढली. मुशी माशाच्या तेलाचा असा दर्प सुटला की अंगणातलं मांजर धावत आलं. मी जाणकाराचा आव आणला. मोबाइलवर सगळं बघून गेलोच होतो. बंदूक सांध्यात मोडून नळ्या आभाळाकडे धरल्या. खाऱ्या वाऱ्यात इतकी वर्षं राहून आत गंजाचा ठिपका नव्हता. मग ती बंद केली, कानाजवळ नेऊन हलवली, सांधा खिळखिळा झालाय का ते ऐकायला.

मामी सुपात सुकट निवडत बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय ऐकतोय जावई? पाणी हाय का बघतो काय? नारळ हाय तो?"

"सांधा बघतोय, मामी."

"बघ बघ. माज्या डोक्याला कधी एवडं तेल लावलं नाय तुज्या मामानं."

मामा फक्त माझ्या खांद्याकडे बघत होते. मी रुबाबात बंदूक उजव्या खांद्याला लावली, डावा डोळा मिटायला गेलो आणि अंगणात अंधार झाला. दोन्ही डोळे उघडले तर संडास. मी बंदूक खाली घेतली. मामांनी कापड मांडीवर पसरलं आणि ती परत घ्यायला हात पुढे केला.

तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, तुमचा उजवा डोळा मिटतो ना? चारोटीला मिटत होता तो? मग लावा की डाव्या खांद्याला."

मी म्हटलं, "छे!" माझा सगळा सराव उजव्या बाजूचा होता. आरशासमोर छत्री घेऊन केलेला, गुडघा टेकून, मान कलती करून. डावखुऱ्या शिकाऱ्याचं चित्र मी कधी पाहिलेलंच नाही. मिशीसुद्धा उजवीकडून बरी दिसते माझी.

"लाव तरी," मामी म्हणाल्या. "पैसे पडत नाय लावायचे."

लावली. दस्ता खांद्यात बसला, गाल त्या बाकावर टेकला, उजवा डोळा आज्ञाधारकपणे मिटला, आणि नळीच्या टोकावरची नेमाची पितळी माशी समोरच्या शहाळ्यावर जाऊन बसली. मी हललो, तीही माझ्याबरोबर हलली. एका परक्या माणसाच्या गालाच्या मापाने कापलेलं लाकूड मला शिवून घेतलेल्या सदऱ्यासारखं बसत होतं.

मामांच्या मांडीवरचं कापड खाली पडलं. ते उचलायचंही त्यांना सुचलं नाही. मी मात्र सवयीने म्हणालो, "मामा, थोडं कमी करा."

"पापलेट हाय काय?" मामी ओरडल्या.

मामा म्हणाले, "पैशाचं तुज्या मनानं दे. तेल लावशील ना?"

परवानग्यांना वेळ लागला. अखेर मुदत संपायच्या जरा आधी आम्ही दोघे पोलीस ठाण्यात उभे राहिलो. मामा धुतलेला पांढरा सदरा घालून आले होते. बंदूक मेजावर ठेवली गेली. हवालदारांनी त्यांच्या परवान्यावरून ती कमी केली, माझ्या परवान्यावर चढवली, शिक्का मारला आणि म्हणाले, "झालं. घ्या."

मला घेता येईना. मामांचा डावा हात दस्त्यावरच होता.

"बाबा, सोडा आता," हवालदार म्हणाले. "तुमच्या नावावरून गेली ती."

"ठाव हाय," मामा म्हणाले आणि हात तसाच ठेवला. मग माझ्याकडे बघून, "लाव एकदा."

मला प्रसंग मिळाला की स्थळकाळाचं भान राहत नाही. मी बंदूक उचलली. मामांचा हातही दस्त्याबरोबर वर आला. एक पाय पुढे टाकून मी ती डाव्या खांद्याला लावली आणि भिंतीवरच्या घड्याळाचा नेम धरला. घड्याळाखाली बसलेला शिपाई टेबलाखाली गेला. आतून कुणीतरी धावत आलं.

"ओ! ओ साहेब!" हवालदार किंचाळले. "पोलीस ठाणं आहे हे! खाली घ्या!"

"रिकामी आहे हो!" मी म्हटलं, पण नेम सोडला नाही.

मामा मला अगदी जवळून न्याहाळत होते. "गाल टेकव, जावई," ते म्हणाले. "अजून. लाकडाला लागू दे."

मी गाल टेकवला. तेव्हा त्यांनी हात काढला.