काळोखाच्या दूताचा घरचा आवाज

"आता किंचाळा," मी म्हटलं.

टोमेकने माझ्याकडे संशयाने पाहिलं. नाकातून घशापर्यंत कॅमेऱ्याची बारीक नळी गेलेली, हनुवटीखाली टिश्यू आणि दोन्ही हातांवर कोपरापर्यंत गोंदलेल्या कवट्या.

"इथे?" तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "शेजारी लहान मुलांचा विभाग आहे."

"त्यांचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा असतो," आनेलीस म्हणाली. ती आमची नाक-कान-घशाची डॉक्टर आणि माझी बॉस. मी तिच्या हाताखाली लोगोपेडिस्ट आहे, म्हणजे वाचा आणि आवाजाची थेरपिस्ट. शिक्षण पुण्यात, नोकरी नेदरलँड्समध्ये, युट्रेख्टच्या हॉस्पिटलात.

टोमेकने डोळे मिटले आणि सुरू केलं. मिक्सरमध्ये खोबऱ्याचा तुकडा अडकल्यावर येतो तसा आवाज, फक्त दहापट. मी स्क्रीनकडे पाहत होते. आपले खरे स्वरतंतू दोन पातळ पट्ट्यांसारखे असतात. त्यांच्या वर आणखी दोन जाड घड्या असतात, त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. टोमेकची सगळी गर्जना या वरच्या घड्यांवर चालली होती. खालचे खरे तंतू जवळपास आराम करत होते. इतकं स्वच्छ तंत्र मी फार कमी गायकांत पाहिलंय.

"आता नेहमीसारखं बोला. सकाळी काय खाल्लंत?"

"ओट्स," तो खर्जात म्हणाला, आणि स्क्रीनवर दोन्ही तंतू एकमेकांवर करकचून दाबले गेले. लाल होते, सुजलेले होते.

आनेलीसने माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षं किंचाळून या माणसाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं होतं ते 'ओट्स' म्हणताना.

हे मी त्याच्या परवानगीने लिहितेय. नाव बदललंय. कवट्या मात्र राहू द्या, असं त्याने बजावलं.

टोमेक पोलंडमधला, एक्स्ट्रीम मेटलचा, म्हणजे किंचाळत गायच्या कर्कश रॉकचा गायक. स्टेजवर स्वतःला काळोखाचा दूत म्हणवतो. शवपेटीतून बाहेर येतो आणि चर्चला शिव्या घालतो. धार्मिक भावना दुखावल्या म्हणून मायदेशी त्याच्यावर खटला झाला, दोन-तीन शहरांनी कार्यक्रम रद्द केले. मग तो नेदरलँड्सला आला. सुरुवातीला विमानतळाजवळच्या बाडहूव्हडॉर्पच्या गोदामात पार्सलं उचलली, डच बाईशी लग्न केलं, आता नीउ-व्हेनेपच्या पुढे एका गावात राहतो. मुलीला सायकलवर शाळेत सोडतो. तिच्या शिक्षिकेशीसुद्धा काळोखाच्या दूताच्याच आवाजात बोलतो.

आणि आता तो आवाजच जात चालला होता. अजून वर्षभर असाच दाबून बोलला, तर बोलणंही जाईल आणि गाणंही, असं आनेलीसने त्याला स्पष्ट सांगितलं.

माझं काम होतं त्याचा मूळ आवाज शोधण्याचं. असा आवाज शोधण्याची पद्धत साधी आहे. माणूस खोकताना, जांभई देताना, हसताना सोंग विसरतो. त्या क्षणी निघतो तो त्याचा आवाज. तिथून हळूहळू बोलण्यापर्यंत आणायचं.

"मी हसत नाही," टोमेक म्हणाला.

"फोटोत?"

"कुठेच."

मी पुष्कळ खटपट केली. खोकला तोही खर्जात. जांभईसुद्धा भेसूर दिली. दुसऱ्या सेशनला मी त्याला श्वासाचा व्यायाम दिला आणि आम्ही दोघं डोळे मिटून स्तब्ध बसलो. आमच्या खोलीला खिडकी नाही. दिव्यांना सेन्सर आहे. कुणी हललं नाही की वीज वाचवायला ते आपोआप विझतात. मला सवय आहे, त्यामुळे सांगायचं राहून गेलं.

डोळे उघडले तर मिट्ट काळोख. आणि त्या काळोखातून काळोखाचा दूत ओरडला, "माआम्मो!" पोलिशमध्ये म्हणजे "अगं आई गं!" बारीक, गोड, थेट छताला लागणारा आवाज.

मी हात हलवला. दिवे लागले. टोमेक खुर्चीला घट्ट धरून बसला होता. मग तो हसायला लागला. पोट धरून, त्याच बारीक आवाजात.

"सापडला," मी म्हटलं.

त्याचं हसू थांबलं आणि त्याने सांगून टाकलं. लहानपणी तो चर्चच्या कॉयरमध्ये एकट्याने गायचा. खाणकामगारांच्या गावात बाकी मुलांचे आवाज फुटले, याचा फारसा फुटलाच नाही. पोरं त्याला ताई म्हणून हाक मारत. सोळाव्या वर्षी बँड काढला, त्याच दिवशी हा दुसरा आवाज घेतला.

"फॅन्सनी हा ऐकला तर मी संपलो," तो म्हणाला. मला त्याची दया आली. चिडवावंसं वाटलं नाही, आणि हे माझ्या बाबतीत विशेष आहे.

त्याच महिन्यात त्याचा कार्यक्रम अडला. त्याच्याच गावात, जुन्या चर्चचा हॉल केलाय तिथे. हॉल खेमेन्टेचा, म्हणजे नगरपालिकेचा. काही रहिवाशांनी विरोध केला. इथे निर्णयाआधी कोणीही रहिवासी सभेत माइकसमोर उभं राहून चार मिनिटं बोलू शकतो. टोमेकने नाव दिलं होतं.

"कुठल्या आवाजात?" मी विचारलं.

सभा ऑनलाइन दाखवतात. मी नवऱ्याबरोबर जेवताना पाहिली. आधी एक वयस्कर बाई बोलल्या. त्यांचं लग्न त्याच चर्चमध्ये झालं होतं. मग टोमेक. मागच्या रांगेत काळ्या टीशर्टमधले त्याचे फॅन्स. त्याने खर्जात सुरुवात केली आणि पहिल्याच वाक्यात आवाज पूर्ण बंद. ओठ हलत होते, ऐकू काहीच येत नव्हतं. माझा घास हातातच राहिला.

तो पाणी प्यायला. खांदे सैल सोडून शिकवल्याप्रमाणे "हं" म्हणाला आणि त्या बारीक आवाजात बोलू लागला. "हा कार्यक्रम नाटक आहे. साडेदहाला संपतं. मग मी घरी जाऊन तुमच्यासारखाच कचऱ्याचा डबा बाहेर ठेवतो." सभासद हसले. मागची रांग बुटांकडे पाहत होती.

"माझा विरोध कायम आहे," त्या बाई नंतर म्हणाल्या, "पण याचं बोलणं प्रथमच कळलं." परवानगी मिळाली.

कार्यक्रमानंतर टोमेक शेवटच्या सेशनला आला. तंतू पांढरेशुभ्र, सूज नाही. तो मात्र पडेल चेहऱ्याने बसला होता.

"तीस वर्षं देवाला शिव्या दिल्या, एक फॅन सोडून गेला नाही," तो आपल्या आवाजात म्हणाला. "चार मिनिटं सभ्यपणे बोललो, तर निम्मे गेले."

"मुलीची शिक्षिका?"

"ती म्हणाली, आता तुमची भीती वाटत नाही." त्याने हातावरच्या कवट्यांकडे पाहिलं. "मला वाईट वाटलं."

त्याच्या फाइलवर मी 'उपचार पूर्ण' असं लिहिलं. गळ्यापुरतं ते खरं आहे.