बंदेनवाजचा लोहचुंबक

करकंबच्या बाजारात बंदेनवाजचं वेल्डिंगचं दुकान. उसाच्या ट्रॉल्या जोडण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, पण नाव झालं ते वेगळ्याच कामानं. डोळ्यात लोखंडाचा कीस गेला की माणसं दवाखाना सोडून त्याच्याकडे यायची. जुन्या स्पीकरमधला लोहचुंबक डोळ्याशी धरून तो कीस ओढून काढायचा आणि वर चहा पाजायचा. स्वतः मात्र काम करताना चष्मा लावायचा नाही. शेजारी म्हणून मी रोज बडबडायचो, पण पालथ्या घड्यावर पाणी.

गेल्या गळीत हंगामात छिन्नी मारताना बारीक कपची उडाली ती त्याच्याच उजव्या डोळ्यात. त्यानं चुंबक धरला. टोचायचं थांबलं, तेव्हा कपची निघाली असं समजून तो पुन्हा कामाला लागला.

यंदा त्याच्या पोटात कळा यायला लागल्या, थेट पाठीत जाणाऱ्या. पित्त म्हणून सोडा पिऊन झाला, उलट्या झाल्या. शेवटी त्याची बायको अनिसाभाभी आणि मी त्याला सोलापूरला नेलं. डॉक्टर म्हणाले, स्वादुपिंडाला सूज आहे. दारू किती पिता, असंही विचारलं. जन्मात थेंब न घेतलेला माणूस तो, भाभीला रडू फुटलं. पित्ताच्या नळीत खडा अडकलाय का ते बघायला एमआरआय करायचं ठरलं.

यंत्र म्हणजे मोठा लोहचुंबकच, असं तिथल्या बाईंनी त्याला समजावलं. डोळ्यात कधी लोखंड गेलं होतं का, शंका असेल तर आधी एक्स-रे काढू, असंही त्या म्हणाल्या. कळा सोसत तो हसला.

"मी दुसऱ्यांच्या डोळ्यातनं काढतो, बाई. माज्यात कशाला ऱ्हाईल?"

आत ढकलल्याबरोबर उजव्या डोळ्यात सुरी फिरल्यासारखं झालं. पण हलू नका, हललं तर फोटो बिघडतो, असं बजावलेलं. त्रास झाला तर दाबायला हातात दिलेला रबरी फुगा दाबला असता तर त्याला लगेच बाहेर काढलं असतं. दाबला नाही. दात आवळून पडून राहिला. बाहेर आला तेव्हा डोळ्यात रक्त उतरलं होतं.

फोटो मात्र अगदी स्वच्छ आला. खडा दिसला, दुर्बिणीनं निघाला, सूज उतरली. डोळा गेला. त्या शहाण्याचा मला अजून राग येतो, आणि रडूही.

परवा कारखान्यावरचा ईरप्पा डोळा चोळत दुकानात आला. बंदेनवाजचा हात सवयीनं चुंबकाकडे गेला आणि तिथंच थांबला.

"दवाखान्यात जा," तो म्हणाला. "मलाबी वाटलं हुतं, निघालं."