म्हशीसाठी मंगळागौर

मी गवत पेरणार, हे ऐकून आत्या इतकी हसली की तिच्या हातातलं दुधाचं भांडं हिंदकळलं.

"अगो बाय, जन्मभर गवत उपटून माझी कंबर गेली, आणि तू ते पेरणार?"

आत्या कल्याणच्या पलीकडे गावात राहते. तिच्याकडे एकच म्हैस. ती ज्या माळावर चरायची तिथे आता टॉवर झालेत, आणि विकतचा पेंढा ही महाराणी नाकाने ढकलून देते. दसऱ्यापर्यंत घरचं वाळलं गवत जमलं नाही तर म्हैस तबेलेवाल्याला द्यायची, असं आत्याने ठरवलं होतं. ठरवल्यापासून ती म्हशीशी जरा जास्तच बोलायची.

मी डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहते. माझ्या बाल्कनीत तुळससुद्धा टिकत नाही. तरी छातीवर हात ठेवून म्हणाले, "मी लावते तुझं गवत!" आधी घोषणा, मग पंचाईत, हा माझा जुना क्रम.

मारवेल गवताचं बी मागवलं. पिशवी उघडली तर आत नुसती कापसासारखी लव! आत्याच्या घरामागचा उंचवटा नांगरून तयार होता. लग्नात अक्षता टाकाव्यात तशा थाटात मी पहिली मूठ उधळली. वारा आला. बी माझ्या केसांत, वाळत घातलेल्या साडीवर, म्हशीच्या पापण्यांवर. जमीन तेवढी कोरी.

मग ओलसर माती कालवून बी जड केलं आणि मुठीमुठीने विखरून फोकलं. ते खोल पुरायचं नसतं, वरच्यावर दाबायचं असतं. दाबायला रूळ कुठून आणणार? मी आमच्या मंडळाला फोन लावला.

आमचं मंडळ मंगळागौरीचे खेळ करतं. सगळ्या पन्नाशीच्या आगेमागे, निम्म्या गुडघ्यांना पट्टे. श्रावण तोंडावर आलेला आणि तालमीला हॉल मिळत नव्हता.

"जागा मिळाली गं!" मी ओरडले. "मोकळी, हवेशीर! फक्त चपला काढून नाचायचं."

आल्या त्या चक्क नऊवारीत. झिम्मा झाला, पिंगा झाला, फुगड्यांनी तर धरणी हादरली.

"अगं, कोंबडा घाल की जोरात!"

"तू घाल! माझा डॉक्टर तुझ्या ओळखीचा आहे का?"

आत्या पायरीवर बसून डोळे पुसत होती. शेवटी तीही पदर खोचून फुगडीला उतरली.

घोटाळा नंतर कळला. मंगळागौर खेळतात गोलात, आणि रान होतं चौकोनी. पुढच्या सरीत न दाबलेलं बी वाहून शेजाऱ्याच्या बांधाला लागलं. आमच्याकडे उगवले ते हिरवेगार गोल, जागोजागी बांगड्या मांडल्यासारखे. मधे आणि कोपऱ्यांत टक्कल.

"म्हशीचा नाश्ता होईल," आत्या म्हणाली. मला काही हसू आलं नाही.

पण ती रोज त्या गोलांत बसून गवत सोडून बाकी सगळं उपटू लागली. माझा पाय चुकून पडला तर ओरडायची. गोल दाट झाले, फुटवे धरून रुंदावले. दसऱ्याआधी उन्हं पडली तसं कापलं, उलटून-पालटून वाळवलं. गंजी म्हणावी तर लाज वाटेल एवढा ढीग.

तबेलेवाला टेंपो घेऊनच आला. ढिगाकडे बघून म्हणाला, "मावशी, हे कितीसं पुरणार?"

आत्या उठून ढिगाकडे गेली. त्यातलं कवळभर गवत पेंढ्यात मिसळून म्हशीपुढे टाकलं. म्हशीने हुंगलं, शिंकली, आणि पेंढ्यासकट खायला लागली. मान वर करेना.

"टेंपो वळव बाबा," आत्या म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "गोलांना मुळं धरलीत, ते आपसूक फुटतील. पण पुढल्या खेपेला तुझ्या बायांना सांग, जरा कोपऱ्यात पण नाचा."

तेव्हापासून आमच्या तालमीत चौकोनी झिम्मा बसवणं चालू आहे. वळणावर दर वेळी दोघी आपटतात.