खेळाच्या तासाला झालेला सत्कार

मी फुरसत आणि मनोरंजन सेवा हा विषय शिकवते म्हटलं की लोक हसतात. ठाण्याच्या आमच्या कॉलेजात हा अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा माझ्या नवऱ्यानेही विचारलं होतं, "म्हणजे रिकामं कसं बसायचं ते शिकवणार का?" तेव्हा मी चिडले होते. आता वाटतं, तेवढं जरी नीट शिकवता आलं असतं तरी पुष्कळ झालं असतं.

दरवर्षी कॉलेज उघडायच्या आधी आम्हाला प्रत्येक विषयाची उद्दिष्टं लिहून द्यावी लागतात. उद्दिष्ट मोजता आलं पाहिजे असा दंडक आहे. त्यामुळे 'समजेल', 'जाणवेल', 'आवडेल' असले शब्द बाद. एका वर्षी मी लिहिलं, 'अंग चोरून बसलेल्या माणसाला खेळात ओढता येईल.' विभागप्रमुखांनी त्याखाली लाल रेघ मारली आणि विचारलं, "हे मोजणार कसं, मॅडम?" मी म्हटलं, तो माणूस खेळायला लागला का ते बघून. त्यांनी माझं वाक्य काढून 'सहभागाभिमुख उपक्रमाचे आयोजन करता येईल' असं घातलं. ते वाचून कुणालाही खेळावंसं वाटणार नाही, पण कागदावर ते पास झालं.

त्या वर्षी शेवटच्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. माझं खोडलेलं वाक्य तिने कधी वाचलं नव्हतं, पण तिला ते उपजतच येत होतं. खाडीकाठच्या कोळी घरातली. आई आणि मावश्या बाजारात मासळी विकणाऱ्या, घरात सगळे एकाच वेळी बोलणार. गप्प बसलेला माणूस दिसला की तिला चैन पडत नसे. प्रात्यक्षिकासाठी तिने डोंबिवलीतला एक ज्येष्ठ नागरिक कट्टा निवडला आणि दर गुरुवारी दुपारी ती तिथे जायला लागली.

कट्ट्यावर एक आजोबा यायचे. कोर्टात कारकून होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झालेली. बायको गेल्यापासून त्यांनी बोलणंच टाकलं होतं. सून त्यांना बळेबळे आणून सोडायची आणि ते दाराजवळच्या खुर्चीत पेपर उघडून बसायचे. मुलीने कॅरम मांडला, ते हलले नाहीत. पत्ते काढले, त्यांनी पेपर आणखी वर धरला. मग एका गुरुवारी तिने राजा-राणी-चोर-शिपाई लिहून चिठ्ठ्यांच्या घड्या केल्या आणि न विचारताच एक त्यांच्या पेपरवर टाकली. चिठ्ठी चोराची निघाली. शिपायाने चोर ओळखायचा एवढाच तो खेळ. आजोबांनी चेहरा असा कोरा ठेवला की शिपायाने बँकेतून निवृत्त झालेल्या एका साहेबांना चोर ठरवलं. आजोबा ठसका लागेपर्यंत हसले. "आयुष्यभर चोर जवळून बघितलेत," म्हणाले, "कधीतरी उपयोग व्हायचाच होता."

ती मला हे स्टाफरूमच्या दारात उभी राहून सांगत होती. "मॅडम, मी तर ऑलमोस्ट सोडून दिलेलं. आणि आता सुनेचा फोन आला, की बाबा गुरुवारी स्वतःहून इस्त्रीचा शर्ट मागतात!" मला इतका आनंद झाला की मी तिला कँटीनमध्ये नेऊन चहा पाजला. शिकवण्याच्या नोकरीत असे दिवस फार येत नाहीत.

मग प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली. तिने त्याच कट्ट्यावर दोन तास खेळ घ्यायचे आणि बाहेरून येणाऱ्या परीक्षकांनी ते बघायचे असं ठरलं. कट्ट्याच्या सेक्रेटरींनी सहज विचारलं, "बाहेरून कोणी येणार आहे का?" ती म्हणाली, "हो, युनिव्हर्सिटीचे सर येणारेत." झालं. आपल्याकडे बाहेरून माणूस येतो तो पाहुणाच असतो. तो काय कामाला आलाय हे कोणी विचारत नाही.

परीक्षेच्या दिवशी मी कट्ट्याच्या हॉलमध्ये पोचले तेव्हा तिने गोलात मांडलेल्या खुर्च्या कट्ट्याच्या लोकांनी उचलून स्टेजसमोर रांगेत लावलेल्या होत्या. स्टेजवर टेबल, टेबलावर चादर, समई, हार, मागे फ्लेक्स. मुलगी चिठ्ठ्यांचा डबा छातीशी धरून भिंतीला टेकली होती. "मॅडम, मी बोलले त्यांना, आम्हाला गोल हवाय. ते बोलले, आधी कार्यक्रम होऊ दे."

परीक्षक माजिवड्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकले. त्यांच्याशिवाय सुरू कसं करायचं म्हणून सगळे थांबले. ते आल्यावर दीपप्रज्वलन झालं, प्रार्थना झाली, पाहुण्यांचा परिचय झाला, शाल-श्रीफळ झालं. अध्यक्षांनी कट्ट्याच्या स्थापनेपासूनचा इतिहास सांगितला. त्या महिन्यात वाढदिवस असलेल्यांना एकेक करून पुढे बोलावलं. आजोबा दुसऱ्या रांगेत होते, कडक इस्त्रीचा शर्ट घालून. मध्येच त्यांनी काहीतरी विचारायला हात वर केला. एका स्वयंसेवकाने लगबगीने त्यांना पाणी आणून दिलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी सरळ स्टेजवर गेले आणि अध्यक्षांच्या कानात म्हटलं, "अहो, ही मुलीची परीक्षा आहे, खेळ सुरू करू द्या." ते हसून माईककडे वळले, "आपल्या मॅडमना दोन शब्द बोलायचे आहेत!" माईक माझ्या हातात आला. मी दोनच शब्द बोलले, "आता खेळूया." टाळ्या पडल्या. आणि माझी वाट अडवून त्यांनी मलाही शाल घातली.

परीक्षकांचं मनोगत संपत आलं तेव्हा संध्याकाळच्या योगवर्गाच्या बायका सतरंज्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्या वेळेला हॉल त्यांचा होता. घाईघाईने आभार मानले गेले, बटाटेवडे आले. चिठ्ठ्यांचा डबा उघडलाच नाही.

गुण मात्र पैकीच्या पैकी पडले. "उत्तम शिस्त," परीक्षक म्हणाले, "आयोजन फारच छान."

"सर, पण खेळ झालाच नाही," मुलगी म्हणाली. "मी परत घेऊ का? पुढच्या गुरुवारी? तुम्ही नाही आलात तरी चालेल."

"अगं बाळा, मी पैकीच्या पैकी देतोय!" त्यांना खरंच कळेना तिला काय हवंय. मी सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी छापील उद्दिष्टावर बोट ठेवलं. उपक्रमाचे आयोजन करता येईल. "आलं की तिला," ते म्हणाले. ते वाक्य माझ्याच नावावर छापलेलं होतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

पुढच्या गुरुवारी आजोबा आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मुलगी म्हणाली, आपण घरी जाऊया, मॅडम. आम्ही गेलो. आजोबांनी स्वतः दार उघडलं, बसा म्हणाले, स्वतः चहा टाकला. सून आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये होती.

"आजोबा, का येत नाही हो तुम्ही?" मुलीने विचारलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "मला वाटलं होतं, खेळायला बोलावलंय," ते म्हणाले. "तो कार्यक्रम निघाला. कार्यक्रमाला काय, माणसं लागतातच खुर्च्यांवर."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मुलीने पर्समधून चिठ्ठ्या काढून टीपॉयवर टाकल्या. "चला, आत्ता खेळू." आजोबांनी हात पुढे केला, आणि तसाच थांबवला. "चार जण लागतात पोरी."

आम्ही तिघे होतो. मुलगी आतल्या दारापाशी जाऊन उभी राहिली. सुनेने वळून पाच बोटं दाखवली. आम्ही थांबलो. चहा गार झाला. आतून तिचं इंग्रजी बोलणं ऐकू येत राहिलं. त्या बिचारीची काही चूक नव्हती, तरी मला ते दार ढकलून तिच्या कानातला हेडफोन ओढून काढावासा वाटला. शेवटी आजोबांनीच चिठ्ठ्या गोळा केल्या, नीट जुळवून मुलीच्या हातात दिल्या आणि म्हणाले, "उशीर होईल तुला. ठाण्यापर्यंत जायचंय ना?"

आम्ही जिना उतरलो. खाली गेटपाशी आल्यावर ती थांबली.

"मॅडम, ते मार्क परत करता येतात का?"

"नाही गं," मी म्हटलं. "कमी पडले तर अर्ज करता येतो. जास्त पडले तर काही करता येत नाही."