बगिच्याची मोजणी करणारे काका

हिंगोली जिल्ह्यात मांजराला लेखी नोटीस देणारा आजवर एकच माणूस झाला असेल, आणि ती नोटीस माझ्याच मांजरीला मिळाली होती. वर 'मनी, मार्फत शाळेच्या बाई' असा पत्ता, त्याखाली 'विषय : उत्तरेकडील गुलाबाचा वाफा उकरल्याबाबत' आणि शेवटी 'सात दिवसांत खुलासा करावा' अशी समज. अक्षर असं टपोरं, की माझ्या वर्गात फळ्यावर कित्ता म्हणून लावावं. मी हसत हसत ती नोटीस परत द्यायला गेले, तर काका गंभीरपणे म्हणाले, "बाई, हसण्यावारी नेऊ नका. तिला वाचता येत न्हाई हे मला कळते. म्हणून तर मार्फत लिवलं."

हे काका माझ्या समोरच्या घरात एकटेच राहत. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन पुण्याला होती. सारी नोकरी त्यांनी जमीन मोजणीच्या खात्यात काढली. सेनगावापासून कळमनुरीपर्यंत किती बांधांवर ते टेप धरून उभे राहिले असतील आणि किती भावाभावांच्या शिव्या त्यांनी दोन्ही बाजूंनी ऐकल्या असतील, याची गणती त्यांनाही नव्हती. रिटायर झाल्यावर ऑफिसनं त्यांना सोडलं, पण मोजणीनं सोडलं नाही. चहाला आले की कप हातात घेण्याआधी त्यांची नजर भिंतीवरून फिरायची आणि "दहा बाय साडेअकरा" असं ते स्वतःशीच पुटपुटायचे. आम्ही नवा फ्रीज घेतला, तो टेम्पोतून उतरत असतानाच त्यांनी आपल्या फाटकातून सांगितलं, "दारातून जात न्हाई. दोन बोटं कमी पडतात." आम्ही ऐकलं नाही. चार माणसांनी घाम गाळून प्रयत्न केला आणि शेवटी दाराची चौकट काढावी लागली. काका तोवर खुर्ची टाकून बसले होते. 'मी म्हणालो होतो' हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, एवढा मोठेपणा त्यांच्यात होता; फक्त चौकट निघाल्यावर ते उठून आले आणि दोन बोटं आडवी लावून पाहून गेले.

आमच्या कॉलनीत वीसेक घरं आणि मधोमध सगळ्यांची मिळून एक मोकळी जागा. तिला आम्ही बगीचा म्हणतो. तीन कडुनिंब, चार सिमेंटचे बाक, गुलाबाचा एक वाफा आणि एक नळ, एवढाच त्याचा पसारा. पण ही जागा सगळ्यांची असल्यामुळे प्रत्येकाला ती थोडी जास्त आपली वाटायची. माणसांपुरतं हे निभावून जात होतं. जनावरं आली आणि भांडणं सुरू झाली.

आधी बदलीवर आलेले बँकेतले साहेब आले आणि त्यांच्याबरोबर ब्रुनो नावाचा मोठा, पिवळसर, अतिप्रेमळ कुत्रा आला. पाठोपाठ आमच्या ओळीतल्या एसटीतल्या वाहकाची आई गोरेगावहून मुलाकडे राहायला आली. सारा जन्म शेळ्यामेंढ्यांच्या मागं काढलेली ही बाई. कळप दिराच्या स्वाधीन केला, पण एक शेळी मात्र तिनं जीपमध्ये स्वतःशेजारी बसवून आणली. सून कुरकुरली तेव्हा आजी म्हणाल्या, "माणसं नवी, रस्ते नवे. एक तोंड तरी वळखीचं पायजे का न्हाई?" झालं. साहेबांचा कुत्रा बगिच्यात घाण करतो म्हणून आजींची तक्रार, आजींची शेळी फुलझाडं खाते म्हणून साहेबांची तक्रार. "तुमच्या बुरणूच्या धाकानं माझी शेळी पान्हा चोरून राहिली," असं आजी म्हणायच्या. साहेब अदबीनं उत्तर द्यायचे, "आजी, तुमच्या शेळीनं आमचा मोगरा खाल्ला. कुंडी तेवढी शिल्लक आहे." दोन्ही बाजूंना माणसं मिळत गेली आणि पाहता पाहता अर्धी कॉलनी शेळीची आणि अर्धी कुत्र्याची झाली. हळदीकुंकवाला कोण कोणाकडे जाणार, हेसुद्धा त्यावरून ठरू लागलं.

काकांना हे दिवस फार मानवले. त्यांची पाठ ताठ झाली, इस्त्रीचा शर्ट पुन्हा अंगावर आला. एका सकाळी ते टेप घेऊन बगिच्यात उतरले, दोन दिवस मोजमाप करून त्यांनी नकाशा काढला आणि चुन्याच्या फक्कीनं पांढऱ्या रेघा मारल्या. पूर्वेकडचा भाग शेळीचा, पश्चिमेकडचा कुत्र्याचा, मधली वाट मुलांची आणि म्हाताऱ्यांची. "आणि मनीचं काय?" मी विचारलं. "मांजराला हद्द लागू होत न्हाई," ते म्हणाले. "म्हणून तर नोटीस द्यावी लागली." दर रविवारी सकाळी घरातली प्लास्टिकची खुर्ची आणून ते कडुनिंबाखाली सुनावणी घ्यायचे. त्यांचं वागणं कडक, पण सगळ्यांशी सारखं असे. स्वतःला कुठलंच जनावर नाही म्हणून आपण निःपक्षपाती, असं ते अभिमानानं सांगत. त्यातल्या त्यात कुत्र्यावर त्यांचा रोष अधिक होता. रेघ ओलांडल्याबद्दल ब्रुनोला तीन वेळा समज मिळाली, तीही साहेबांच्या हाती. साहेब एकदा वैतागून म्हणाले, "काका, जनावराला हद्द कशी कळणार?" काका म्हणाले, "जनावराला न कळू द्या. धन्याला कळते का न्हाई, एवढंच मी बघून राहिलो." आम्ही सगळे हसलो, साहेबांसकट. खोटं कशाला सांगू, रविवारची ती सकाळ आम्हाला आवडायला लागली होती. भांडण मिटत नव्हतं, पण ते आठवड्यातून एकदा नीट बसून व्हायचं.

अशात आजींच्या शेळीला करडू झालं. काळं, कपाळावर पांढरा टिळा, आणि पायात स्प्रिंग बसवल्यासारखं उड्या मारणारं. ते करडू दोन महिन्यांचं असताना एका दुपारी बगिच्यातून त्याच्या ओरडण्याचा आवाज आला. मी शाळेतून नुकतीच आले होते, तशीच बाहेर धावले. ब्रुनो मोकाट पळत होता, आणि काका करडाला छातीशी धरून उभे होते. करडाचा मागचा पाय लोंबत होता. मग सगळेच धावून आले. काकांनी करडू वाचवलं, काका नसते तर कुत्र्यानं फाडून खाल्लं असतं, असं जो तो म्हणू लागला. मीही म्हणाले. काकांनी करडू आजींच्या हातात दिलं आणि ते घराकडे वळले. दगदगीनं थकले असतील, असं मला वाटलं.

जनावरांच्या दवाखान्यात पायाला प्लॅस्टर घातलं गेलं. पण कॉलनीत जे मोडलं होतं ते सांधायला कोणी तयार नव्हतं. साहेब आणि त्यांच्या मॅडम दोघंही नोकरीला जात, कुत्रा दिवसभर फाटक लावलेल्या अंगणात असे. फाटकाची कडी उघडी कोणी ठेवली, यावरून त्या नवराबायकोत भांडण जुंपलं. साहेब म्हणायचे तू, मॅडम म्हणायच्या तुम्ही. त्यांच्या भिंतीला लागून असलेल्या घरांनी ते सगळं ऐकलं. शेवटी कळमनुरीकडच्या एका शेतकऱ्याला कुत्रा देऊन टाकायचं ठरलं. सोमवारी जीप येणार होती. आणि रविवारी सगळ्यांनी मिळून एक ठराव करायचा होता, की यापुढे बगिच्यात कुठलंच जनावर येणार नाही. कुत्रा नाही, शेळी नाही, मांजर नाही. पहिली सही अर्थातच काकांची.

त्या रविवारपर्यंतचे तीन दिवस काका घराबाहेर दिसले नाहीत. मी भाजी घेऊन गेले, तर मी आदल्या दिवशी दिलेला डबा तसाच ओट्यावर होता. "तब्येत बरी नाही का?" असं विचारल्यावर म्हणाले, "तब्येतीला काय व्हते. तुमी जा, बाई. मला लिवायचं आहे."

रविवारी सगळे जमले. कोणीतरी ठरावाचा कागद काकांपुढे धरला. काकांनी तो बाजूला ठेवला, खिशातून स्वतःचा कागद काढला आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. सुनावणीत उभं राहायचं ते जबाब देणाऱ्यानं, हा त्यांचाच नियम होता. त्यांनी वाचायला सुरुवात केली. "जबाब देणार, मी स्वतः. साहेबांच्या फाटकाची कडी त्या दिवशी नीट लावलेली होती. ती मी काढली. मागचे चार महिने रोज दुपारी मी ती काढत आलो आहे. कुत्रं एकटं रडत होतं, म्हणून त्याला बगिच्यात आणून बसवत होतो आणि साहेब यायच्या आत परत अंगणात नेऊन सोडत होतो. त्या दिवशी बाकावर मला डोळा लागला आणि हातातला पट्टा सुटला. कुत्रं करडाशी खेळायला गेलं. त्यानं पाय तोंडात धरला, करडानं हिसका दिला आणि पाय मोडला. करडू मी वाचवलं, असं समदे म्हणाले. मी ते ऐकून घेतलं. करडू मी वाचवलं न्हाई. माझ्यामुळं त्याचा पाय मोडला. तरी साहेब आणि मॅडम यांनी एकमेकांना बोल लावू नये."

खाली त्यांनी सही केली होती, आणि तारीखही घातली होती. त्यांनी कागदाची घडी घातली आणि ती साहेबांच्या हातात दिली.

मॅडम दुसरीकडे पाहत होत्या. साहेब म्हणाले, "पण काका, सगळ्यात जास्त समज तुम्हीच दिलीत आम्हाला. तुमचा तर विरोध होता ब्रुनोला."

"विरोध व्हताच," काका म्हणाले. "पण साहेब, विरोध करणाऱ्याला रडणं ऐकू येत न्हाई, असं थोडंच आहे? तुमी दोघं गेलात की ते सुरू व्हायचं. माझ्या घरात दुसरा आवाज न्हाई. मंग तेच ऐकत बसायचं का?"

मग आजी उठल्या. आता काय होणार म्हणून वाहकानं आईचा हात धरला, तो त्यांनी सोडवून घेतला. "भाऊ," त्या काकांना म्हणाल्या, "मला ठाव व्हतं. गच्चीवर मिरच्या वाळू घालताना रोज बघत व्हते मी. तुमी त्या बुरणूशी बोलत बसायचे."

काकांनी मान वर केली. "मग सांगितलं काहून न्हाई?"

"तुमी सांगता का न्हाई, ते बघून राहिले व्हते," आजी म्हणाल्या.

ठरावावर कोणी सही केली नाही. करू नका असं कोणी सांगितलंही नाही. माणसं उठली, दोघादोघांनी बोलत घरी गेली आणि कागद बाकावरच राहिला. सोमवारी जीप आली तेव्हा साहेबांनी त्या शेतकऱ्याला चहा पाजला, माफी मागितली आणि रिकामं परत पाठवलं. त्या दिवसापासून काका सकाळ-संध्याकाळ आजींच्या अंगणात जाऊन बसू लागले. करडाला मांडीवर घेऊन पाला भरवायचे, आणि आजी त्यांना शेळ्यांबद्दल असं काही शिकवायच्या, की सारी नोकरी बांधाबांधानं हिंडलेल्या माणसाला आपल्याला काहीच माहीत नव्हतं असं वाटावं. प्लॅस्टर निघालं. करडू थोडं लंगडत राहिलं, पण उड्या कमी झाल्या नाहीत.

सुनावण्या मात्र बंद झाल्या. आम्ही पुष्कळ आग्रह केला. "जबाब देणाऱ्यानं सुनावणी घेऊ नये," एवढंच ते म्हणायचे. आम्हाला वाटलं होतं, आता भांडणंच होणार नाहीत. ती झाली, होत राहिली. फक्त ती आता केव्हाही, कुठेही, उभ्या उभ्या व्हायला लागली. आपल्यातल्या प्रत्येकाचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारा एक माणूस आपल्याकडे होता आणि आपण त्याला गमतीवारी नेत होतो, हे मला फार उशिरा कळलं.

पुढे साहेबांची बदली झाली आणि ब्रुनो त्यांच्याबरोबर गेला. निघताना काकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि साहेबांना नव्या घराचं अंगण किती बाय किती आहे ते विचारून घेतलं. गेल्या वर्षी काका न्हाणीत पाय घसरून पडले. मुलगी आली आणि त्यांना पुण्याला घेऊन गेली. जाताना ते तिच्याशी हुज्जत घालतील असं मला वाटलं होतं. पण ते लहान मुलासारखे जाऊन गाडीत बसले.

आता त्यांचा फोन येतो. परवा आला तेव्हा मी विचारलं, "काका, करमतं का तिथं?"

"करमायला काय," ते म्हणाले. "सहावा मजला आहे. लिफ्ट आहे. खाली बगीचा आहे, मोठा, त्याला वाचमन आहे. लोक लई सज्जन आहेत. कोणाचं कोणाशी भांडण न्हाई." मग ते म्हणाले, "तुमच्याकडं काय चालू आहे?"

मी म्हणाले, विशेष काही नाही. कोपऱ्यातल्या घरात नवीन लोक आलेत. त्यांनी दोन बदकं पाळलीत. ती नळाखाली बसून राहतात आणि कोणाला पाणी भरू देत नाहीत, त्यावरून काल थोडं वाजलं.

"थांबा, थांबा," काका म्हणाले. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "अशी घाई करू नका, बाई. पहिल्यापासून सांगा. आधी कोण बोललं, मग कोण बोललं, बराबर सांगा. मला फुरसत आहे."

गॅसवर कुकर लावलेला होता. मी तो बंद केला, पायरीवर येऊन बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.